आमच्या घराची भिंत

संपादकांनी यंदाच्या वार्षिकासाठी “विद्यार्थिदशेतील एखादी आठवण लिहून पाठवावी” अशी आज्ञा केली. लेखणी हाती घेतली तेव्हा पहिल्याने मनात आल्या त्या साऱ्या गोडच आठवणी होत्या. वसतिगृहातील पहाटेची घंटा, मैदानाच्या कडेची चिंच, पावसाळ्यात गळणारा वर्गाचा कोपरा आणि त्या कोपऱ्यात बसावे लागू नये म्हणून आम्ही मुलांनी केलेली भांडणे! परंतु यांपैकी एकही आठवण कागदावर उतरेना. पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली ती एक मातीची भिंत. ती भिंत या शाळेची नव्हे, आमच्या घराची. मात्र तिचा अर्थ मला या शाळेत कळला; म्हणून तिची हकीकत या पानांवर सांगणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते.

आमचे गाव केळापूर तालुक्यात आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास पैनगंगेकडे उतरत जाणारा हा मुलूख ज्यांनी पाहिला असेल, त्यांस त्याचे निराळे वर्णन नको. काळी जमीन, तीत कापूस आणि ज्वारी; शेते संपली की सागाचे रान; रानाच्या पोटात कोलामांचे पोड; आणि गावाला वळसा घालून जाणारा एक नाला. पावसाळ्यात हा नाला चार दिवस दुथडी भरून वाहतो, मग ओसरतो आणि पाठीमागे वाळूत व खडकांत लहान लहान डबकी ठेवून जातो. आम्ही मुले त्या डबक्यांत मासे धरीत असू. त्याच निवळ, उन्हात चमकणाऱ्या पाण्यात आमच्या गावाचा वैरी वाढत असतो, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. डास म्हणजे घाणेरड्या गटारातील जीव, असाच तेव्हा सर्वांचा समज होता.

पोळ्याच्या सुमारास गावात दोन पाहुणे येत. एक हवासा, दुसरा नकोसा. बैलांची शिंगे रंगविली जात, घराघरांच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दिला जाई. आणि त्याच दिवसांत थंडीताप येई. दुपारी उन्हात बसलेला धडधाकट माणूस एकाएकी कुडकुडू लागे. अंगावर असतील तितक्या गोधड्या घातल्या तरी त्याचे दात वाजणे थांबत नसे. घटकाभराने अंग तव्यासारखे तापे. मग घामाने अंथरूण भिजे आणि माणूस थकून झोपी जाई. एक दिवस आड करून हाच क्रम. निंदणाच्या व वेचणीच्या हंगामात घरातील दोन माणसे अशी आडवी झाली म्हणजे त्या वर्षीचे पीक अर्धे गेलेच म्हणून समजावे.

मी सांगतो ती गोष्ट १९७६ सालची. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पोळ्याच्या काही दिवस आधी फवारणीची माणसे गावात आली. एकाने बादलीत उभा केलेला पंप रेटायचा आणि दुसऱ्याने लांब नळी भिंतीवरून वरखाली फिरवायची, असे त्यांचे काम चाले. गावात त्यांस ‘डीडीटीवाले’ म्हणत. त्यांच्या बादलीत दुसरे कोणतेही औषध असले तरी नाव तेच! आमच्या शेजारच्या काकूंनी आदल्या दिवशीच भांडीकुंडी अंगणात काढून घर मोकळे करून ठेवले होते. त्यांच्या घराचा कोपरा न कोपरा फवारला गेला. आमच्या आईने मात्र त्या माणसांस ओसरी आणि मधले घर तेवढे फवारू दिले. स्वयंपाकघर व देवाची खोली यांच्या दारात ती आडवी उभी राहिली. त्यांतील वयस्क माणूस जाताना म्हणाला, “माय, भितीले दोन-अढाई महिने हात लावू नोका.” आईने मान डोलावली.

परंतु फवारलेल्या भिंतींवर पांढुरके डाग पडले होते आणि घरात उग्र वास भरला होता. पोळ्याच्या दिवशी घर असे दिसावे, हे आईला कसे पटावे? चार दिवसांनी तिने पांढरी माती कालविली. खदानीतून ती माती डोक्यावर वाहून आणणारा मी होतो; आईच्या शेजारी उभे राहून बादली धरणाराही मीच. संध्याकाळपर्यंत आमचे घर आतून चांदण्यासारखे झाले. तान्ह्या पोळ्याला शेजारच्या काकूंची धाकटी आपला लाकडी बैल ओढीत आमच्या दारी आली. चार वर्षांची पोर ती! “किती गोरी गोरी भित!” असे म्हणून तिने भिंतीला हात लावला आणि तळहाताला लागलेली माती फ्रॉकला पुसली. आईने हसून तिच्या हातावर बोजारा ठेवला.

भाद्रपदात प्रथम ताप आला तो मला. मधल्या घरात, त्याच भिंतीच्या कडेला मी सात-आठ दिवस निजून होतो. पंधरा दिवसांनी घरोघर फिरणारे हिवतापाचे कर्मचारी आले. त्यांनी बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतले, कडू गोळ्या दिल्या आणि मी बरा झालो. पुढे दोन-तीन आठवडे गेले असतील. शेजारच्या धाकटीला ताप भरला. पहिले दोन दिवस कोणी फारसे मनावर घेतले नाही. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले आणि शुद्ध गेली. बैलगाडी जुंपून तिला पांढरकवड्यास नेले. रात्री उशिरा गाडी परत आली तेव्हा काकू मुलीला मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या होत्या, आणि काकांनी बैल अगदी सावकाश चालविले होते. घाई करण्याचे कारण उरले नव्हते.

गावात कोणी नजर लागली म्हणाले, कोणी नशीब म्हणाले. आमच्या भिंतीचा त्या मरणाशी काही संबंध असू शकेल, हे कोणाच्याही मनात आले नाही. आमच्याही नाही.

पुढच्या वर्षी मी या शाळेच्या वसतिगृहात आलो. १९८० साली नववीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी एके दिवशी काचेच्या बरणीत तलावाचे पाणी आणले. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. काही अळ्या शेपटीचे टोक पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लोंबकळत होत्या; काही मात्र पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, पडल्यासारख्या दिसत होत्या. “या दुसऱ्या नीट पाहून ठेवा. या अ‍ॅनॉफेलिसच्या. हिवताप पसरतो तो यांच्यामुळेच,” सर म्हणाले. मग शाळेच्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकापुढे आम्हांस रांगेने उभे करून त्यांनी रोनाल्ड रॉस यांची हकीकत सांगण्यास आरंभ केला. ती हकीकत मी त्यानंतर शिक्षक या नात्याने कित्येक वर्गांस सांगितली आहे. येथेही थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावाचून माझ्या भिंतीची गोष्ट पुरी होत नाही.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. १८८१ साली ते हिंदुस्थानातील लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. काव्य आणि गणित या दोहोंचा नाद असलेला हा तरुण डॉक्टर आरंभी वैद्यकात फारसा रमलेला नव्हता. १८८० साली अल्जेरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म परोपजीवी जंतू पाहिले होते. परंतु ते जंतू एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात कसे, हे कोडे कोणास उलगडले नव्हते. दलदलीची दूषित हवा हेच कारण, असे शतकानुशतके मानले गेले होते. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांस ते जंतू दाखविले आणि डासाचा यात हात असावा, हा आपला तर्क सांगितला. १८९५ साली रॉस सिकंदराबादेस परतले ते हा तर्क पडताळण्याचा निश्चय करूनच.

सिकंदराबाद हे नाव ऐकून मी कान टवकारले. आमच्या पांढरकवड्यावरून जाणारा मोठा रस्ताच पैनगंगा ओलांडून, आदिलाबाद व निर्मळवरून हैदराबाद-सिकंदराबादेकडे जातो. म्हणजे ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडची नव्हती. आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची होती!

सुमारे दोन वर्षे रॉस डास पकडीत राहिले, रोग्यास चावू देऊन ते सुईने फाडून पाहत राहिले, आणि हाती काही लागले नाही. कारण साधे होते: ते ज्या करड्या आणि पट्टेरी डासांचे विच्छेदन करीत होते, ते डास मनुष्याचा हिवताप वाहणारे नव्हतेच. कोणता डास दोषी, हे सांगणारा ग्रंथ तेव्हा कोठे होता? १८९७ च्या ऑगस्टात त्यांच्या हाती पंखांवर ठिपके असलेले काही तपकिरी डास आले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते आपल्या अंगावर चावू दिले आणि त्यास प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला. दिवस अत्यंत उकाड्याचे होते. परंतु फाडलेले डास वाऱ्याने उडून जातील म्हणून पंखा चालविता येत नव्हता. कपाळाच्या व हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, आणि उरलेली एकच नेत्रकाच तीही तडकलेली होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी, शेवटच्या उरलेल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत त्यांस काही वाटोळ्या पेशी दिसल्या आणि त्यांत हिवतापाच्या जंतूत असतात तसेच काळे कण दिसले. दुसऱ्या दिवशी दुसरा डास फाडला. त्यात त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या होत्या. याचा अर्थ उघड होता. जंतू डासाच्या पोटात वाढत होता.

एवढे हाती लागते तोच त्यांची राजपुतान्यात बदली झाली आणि काम थांबले. १८९८ च्या आरंभी कलकत्त्यास पाठविण्यात आल्यावर मनुष्यांवर प्रयोग करणे जमेना, म्हणून त्यांनी पक्ष्यांचा हिवताप हाती घेतला. जुलै महिन्यात त्यांना ते जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथीत सापडले, आणि निरोगी चिमण्यांस असे डास चावविल्यावर त्या आजारी पडल्या. वर्तुळ पुरे झाले. मनुष्याच्या हिवतापातही हेच घडते, हे त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९०२ साली रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाच्या वाट्यास काही आणे आले. परंतु त्याचेही नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले आहे, याचा मला आनंद वाटतो.

येथवर सांगून सरांनी वर्गास एक प्रश्न विचारला. “रोग्याला चावलेला डास दुसऱ्या क्षणी निरोगी माणसास चावला, तर त्यास हिवताप होईल काय?” आम्ही सर्वांनी एकमुखाने “होईल” म्हटले. सर म्हणाले, “नाही. डासाने शोषलेला जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोहोचण्यास आपल्याकडील उष्ण हवेत सुमारे दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस तो डास जगला पाहिजे. म्हणजे हिवताप पसरवितो तो म्हातारा झालेला डास.” मग त्यांनी फळ्यावर एक घर काढले. डासाची मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते. रक्त पिऊन जड झाली की जवळच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर औषध असेल तर त्या विसाव्यातच तिचा अंत होतो. दहा-बारा दिवसांत तिला असे चार-पाच वेळा तरी विसावावे लागते. त्यांपैकी एक भिंत फवारलेली निघाली तरी पुरे. “म्हणून ध्यानात ठेवा,” सर म्हणाले, “भिंतीवरची फवारणी डासाला चावण्यापासून अडवीत नाही. तो चावतो आणि मग मरतो. ज्याच्या घरात तो मेला, त्या माणसाला त्याचा डंख बसून गेलेला असतो. वाचतो तो पुढचा मनुष्य. आपल्या भिंतीवरचे औषध शेजाऱ्यासाठी असते.”

मी हात वर केला. “सर, फवारणीनंतर भिंतीला पोतारा दिला तर?”

“तर त्या घरापुरती फवारणी झालीच नाही असे समज,” ते म्हणाले आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. त्यांच्या दृष्टीने तो एक साधा प्रश्न होता व त्यांनी त्याचे साधे उत्तर दिले होते. मी खाली बसलो. मला बरणीतील अळ्या दिसत नव्हत्या. मला दिसत होती आमच्या मधल्या घराची गोरी भिंत, तिच्या कडेला तापाने फणफणलेला मी, आणि पलीकडे, अंगणापुरत्या अंतरावर, काकूंचे घर. त्यांनी आपल्या साऱ्या भिंती आमच्यासाठी फवारून घेतल्या होत्या. आम्ही आमच्या भिंती आमच्या शोभेसाठी सारवून टाकल्या होत्या.

त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा धीर करून आईला सर्व सांगितले. आई निरक्षर होती. परंतु डास, दिवस आणि भिंत यांचा तो हिशेब तिला एका ऐकण्यात समजला. ती काही बोलली नाही. चुलीतील लाकडे तिने उगाच पुढेमागे केली. पुढल्या पावसाळ्यात फवारणीची माणसे आली तेव्हा तिने देवांचे ताट स्वतः उचलून अंगणातील तुळशीपाशी नेऊन ठेवले आणि स्वयंपाकघराचे दार सताड उघडले. त्या वर्षी पोळ्याला आमच्या घरास पोतारा लागला नाही. दारापुढे सडा-रांगोळी तेवढी झाली. त्यानंतर फवारणीच्या आदल्या दिवशी आई आळीतील घराघरांत जाऊन सांगे, “बायांनो, यंदा भितीले हात लावू नोका.” कारण कोणी विचारले तर मात्र ती दुसरेच काही बोले. काकूंच्या घरी जाऊन सांगण्याची तिला गरज नव्हती, आणि धैर्यही नव्हते.

पुढे मी विज्ञानाचाच शिक्षक झालो आणि या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानी आली, ती ही की शास्त्रज्ञाचे काम सूक्ष्मदर्शकापाशी संपत नाही. ते लोकांच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि बहुधा तेथेच अडते. मुंबई शहराचेच उदाहरण घ्या. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९०९ नंतर त्या शहरातील हिवतापाची चौकशी केली व १९११ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरातील हिवतापाचे मूळ दलदलीत नसून घरोघरच्या विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत आहे, कारण अ‍ॅनॉफेलिस स्टेफेन्सी हा डास तेथे वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले. उपाय सोपा होता: विहिरी बंद कराव्यात अथवा झाकाव्यात. परंतु विहिरीच्या पाण्याशी कित्येकांचे धर्माचार जडलेले होते. त्यामुळे हा सोपा उपायच अवघड ठरला. आमच्या आईचा देवाच्या खोलीच्या दारातील हट्ट म्हणजे त्याच विरोधाची एक लहानशी आवृत्ती होती. असा हट्ट करणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांस हिशेब कोणी समजावून सांगितलेला नसतो, इतकेच.

घराच्या भिंतीवर औषध फवारण्याचा उपाय आमच्या भागात कसा आला, त्याचाही इतिहास मनोरम आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्यूलर यांनी १९३९ साली ओळखला. दुसरे महायुद्ध संपताच ते द्रव्य नागरी उपयोगासाठी मिळू लागले, आणि १९४६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील उत्तर कानडा व धारवाड या जिल्ह्यांत खेड्यापाड्यांच्या घरांतून त्याची फवारणी करून पाहण्यात आली. या कामाचे प्रमुख होते इलाख्याच्या आरोग्य खात्यातील डॉ. डी. के. विश्वनाथन्, कीटकशास्त्रज्ञ टी. रामचंद्र राव हे त्यांचे सहकारी. त्या डोंगराळ, रानांच्या मुलखात झऱ्याओढ्यांत वाढणारा अ‍ॅनॉफेलिस फ्लुविआटिलिस हा डास हिवताप पसरवीत असे. पहिल्या वर्षाचे फळ दोघांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. ताप लक्षणीय उतरला होता. शहरात विहिरी मोजून झाकता येतात. परंतु हजारो खेड्यांतील नाले व झरे कोण झाकणार? पाण्यापाशी हरलेली लढाई घराच्या भिंतीपाशी जिंकता येईल, हे या प्रयोगाने आपल्या देशास दाखविले.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांस हिवताप होई व सुमारे ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ साली त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. १९६१ साली नोंदलेल्या रोग्यांची संख्या ५० हजारांच्या आत आली. १९५८ सालीच विश्वनाथन् यांचा या कार्यावरील ग्रंथ निघाला आणि त्याच्या नावातच हिवतापावरील ‘विजय’ होता. तो शब्द तेव्हा कोणासही फाजील वाटला नसेल. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९५९ साली, खेड्यांतील हिवतापाचा मुख्य वाहक जो अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसिस, तोच डीडीटीला दाद देईनासा झाल्याची पहिली नोंद आपल्या देशात झाली. आमच्या नाल्याच्या डबक्यांसारख्या पाण्यात वाढतो तो हाच. शेतीतही तीच द्रव्ये वापरली गेल्याने डासांची सहनशक्ती वाढत गेली. औषधांचा पुरवठा कमी पडू लागला. आणि रोग गेला असे समजून सर्वांचाच हात सैल पडला. १९७६ साली देशात नोंदलेल्या रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली.

१९७६! हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. त्या ६४ लाखांत एक मी होतो. काकूंची धाकटी त्या आकड्यात होती की नाही, कोण जाणे. तिचे रक्त काचेवर घेण्यापूर्वीच ती गेली.

या ज्ञानाने मला एक दिलासाही देऊ केला. त्या वर्षी आमच्या नाल्यावरील डास औषधास कदाचित मुळीच भीत नसतील. मग भिंत सारवली काय आणि न सारवली काय, सारखेच. शिवाय गावात घरे पुष्कळ होती आणि डास अर्धा-एक मैल सहज उडतो. तिला चावलेला डास आमच्याच भिंतीवर विसावला होता, असे कोणते शास्त्र सिद्ध करील? कोणतेही नाही. हा दिलासा मी पुष्कळदा घेऊ पाहिला. परंतु शास्त्र जसे मला दोषी ठरवू शकत नाही, तसे निर्दोषही ठरवू शकत नाही. राहता राहते ते एवढेच की जे आमच्या हातचे होते, ते आम्ही केले नाही. आणि काकूंनी केले.

रॉस यांनी पुढे आपल्या आवडत्या गणिताच्या साह्याने असे दाखविले होते की हिवताप नाहीसा करण्यासाठी अखेरचा डासही मारावा लागतो असे नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप मागे हटतो. १९१० च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात हा विचार आहे. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनल्ड यांनी तो पुढे नेला आणि डासाचे आयुष्य थोडे घटविले तरी केवढा फरक पडतो, ते मांडले. मला हे गणित फार आशादायक वाटते. सर्वांनी सर्व काही केले पाहिजे, असे ते म्हणत नाही. पुरेशा लोकांनी आपापल्या भिंतीपुरते केले, तरी सर्वांचे काम होते, असे ते म्हणते. मात्र ‘माझ्या एका घराने काय होणार?’ असे पुरेशा लोकांनी म्हटले, तर तेच गणित उलटही चालते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देशाने २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे ध्येय २०१६ साली ठरविले आहे. औषधे बदलली आहेत, औषध लावलेल्या मच्छरदाण्या आल्या आहेत, रक्ताची तपासणी खेड्यातही काही मिनिटांत होते. तुमच्यापैकी कोणी उद्या या विषयाचा संशोधक झाला, तर त्यास माझे आशीर्वाद आहेत. त्याने रॉस यांची दोन वर्षांची निष्फळ चिकाटी आठवावी. परंतु बाकीच्यांनी, जे संशोधक होणार नाहीत त्यांनी, घरी गेल्यावर आपल्या आईला, आजीला हा दहा-बारा दिवसांचा हिशेब एकदा नीट समजावून सांगावा. माझ्या आईला तो चार वर्षे आधी कोणी सांगितला असता, तर तिने तो नक्की ऐकला असता.

आई आता नाही. काकूही गेल्या. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही सांगावे असे मनात आले आणि जीभ रेटली नाही. त्यांनीच माझा हात धरून विचारले, “तुया मायनं मंग पोयाले पोतारा देनं काऊन सोडलं होतं रे?” मी म्हणालो, “डीडीटीवाले सांगून गेले होते, काकू.” त्या म्हणाल्या, “हो, सांगत तर ते मलेबी.” एवढेच बोलून त्यांनी डोळे मिटले. त्यांस काय उमगले होते आणि काय नव्हते, ते मी आजही सांगू शकत नाही. जे त्यांच्यापाशी बोलता आले नाही, ते येथे लिहिले आहे.